पाइलच्या कामात पर्यावरणाचा विचार: मुंबईत नव्याने रुजू होणाऱ्या स्थापत्य अभियंत्यांसाठी

उंच इमारत, मेट्रोचा खांब किंवा खाडीवरील पूल उभा राहण्यापूर्वी जमिनीखाली जे काँक्रीट आणि पोलाद जाते, ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. इमारतीच्या काचा, दिवे आणि वातानुकूलन यांचा हिशेब हरित मानांकनासाठी काटेकोरपणे ठेवला जातो. पायात किती सिमेंट गेले आणि त्यातले किती विनाकारण गेले, याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी बिलापुरतीच राहते. पाइलिंगच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब घालण्याच्या, कामावर पहिल्यांदाच रुजू होणाऱ्या तरुण अभियंत्याला हा हिशेब कसा मांडावा, कोणत्या टप्प्यावर काय पाहावे आणि वरिष्ठांकडे कोणता प्रश्न लावून धरावा, हे कळावे यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबई आणि परिसरातील, जमिनीत भोक (बोअर) पाडून जागेवरच ओतल्या जाणाऱ्या बोअर पाइलची आहेत, कारण इथे सर्वाधिक काम त्याच प्रकाराचे होते.

एक मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो. पाइलचा पर्यावरणावर पडणारा भार मुख्यतः रिग, म्हणजे बोअर पाडणारे यंत्र, साइटवर येण्याआधीच ठरलेला असतो. कमी प्रदूषण करणारे यंत्र, पाणी फवारणे, झाडे लावणे ही सारी कामे करावीतच. परंतु जमीन नीट जाणून न घेता ठरवलेल्या अनावश्यक खोलीची भरपाई त्यातून होत नाही.

पहिली पायरी: एका पाइलचा हिशेब स्वतःच्या हाताने मांडावा

एक मीटर व्यासाचा आणि वीस मीटर लांबीचा पाइल घेऊ. त्याचे घनफळ १५.७ घनमीटर भरते. बोअर पाइलसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस २९११ च्या २०१० सालच्या आवृत्तीत, दर घनमीटरला किमान ४०० किलो सिमेंट सांगितले आहे. त्या हिशेबाने या एका पाइलमध्ये सुमारे ६.३ टन सिमेंट जाते. साधे ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंट वापरले आणि एक किलो सिमेंटमागे ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर नुसत्या सिमेंटचा भार साडेपाच टनांच्या वर जातो. मुख्य सळ्या पाइलच्या छेदाच्या ०.८ टक्के धरल्या आणि रिंगांचे वजन मिळवले, तर केजचे, म्हणजे सळ्यांच्या पिंजऱ्याचे, पोलाद सुमारे १.१ टन होते. एक टन पोलादामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसते कार्बन) धरल्यास त्याचे पावणेतीन टन होतात. रिग, क्रेन आणि पंपाने मिळून २०० लिटर डिझेल खाल्ले असे मानले, तर एका लिटरमागे सुमारे २.७ किलो याप्रमाणे आणखी अर्धा टन. एकूण बेरीज नऊ टनांच्या आसपास येते.

या आकड्यांपेक्षा त्यांच्यातील प्रमाण अधिक बोलके आहे. नऊ टनांपैकी साइटवरील डिझेलचा वाटा अर्ध्या टनाचा आहे. उरलेला सगळा भार काँक्रीट आणि पोलादाचा आहे. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यामुळे इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी क्लिंकरचा, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या आणि दळून सिमेंट होणाऱ्या खड्यांचा, हा मोठा हिस्सा टळत नाही. म्हणून पाइलच्या कामात बचतीचे दोनच मोठे दरवाजे आहेत: कमी घनफळ आणि कमी क्लिंकर. गुणांक कारखान्यागणिक बदलतात, तेव्हा पुरवठादाराकडून त्याच्या उत्पादनाचे पर्यावरण घोषणापत्र मागून घ्यावे आणि ते मिळाले तर वरील ढोबळ आकड्यांऐवजी तेच वापरावेत. ईएफएफसी आणि डीएफआय या पायाबांधणी क्षेत्रातील दोन संस्थांनी मिळून खोल पायांसाठी एक कार्बन कॅल्क्युलेटरही तयार केला आहे. तथापि पहिल्या दोन-चार पाइलचे गणित कागदावर करून पाहिल्याशिवाय त्याकडे वळू नये, असा माझा आग्रह राहील. कोणता आकडा मोठा आणि कोणता किरकोळ, हे हाताने मांडल्यावरच लक्षात राहते.

दुसरी पायरी: पाइल खरोखर लागतो का, हे विचारावे

दोन किंवा तीन तळघरांसाठी खोदाई करायची असेल, तर मुंबईच्या अनेक भागांत ती खोदाईच खडकाला जाऊन टेकते. अशा ठिकाणी राफ्ट (इमारतीखालचा काँक्रीटचा सलग जाड थर) किंवा सुटे फुटिंग (प्रत्येक खांबाखालचा स्वतंत्र उथळ पाया) पुरेसे असताना केवळ शेजारच्या इमारतीला पाइल होते म्हणून इथेही पाइल, असा निर्णय होताना दिसतो. संकल्पन सल्लागाराला हा प्रश्न विचारण्यात नवख्याने संकोच करू नये. राफ्ट आणि पाइल यांनी मिळून भार वाटून घेण्याची रचना मऊ थरांच्या जागी उपयोगी पडते आणि पाइलची संख्या घटवते.

विदर्भ आणि मराठवाड्यातील काळ्या मातीत हलक्या इमारतींसाठी वेगळा मार्ग आहे. रुरकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेल्या अंडररीम्ड पाइलमध्ये खोडाच्या सुमारे अडीच पट व्यासाचा फुगवटा तळाशी काढलेला असतो. माती फुगते-आकसते त्या थराच्या खाली हा फुगवटा अडकून राहतो आणि थोड्या काँक्रीटमध्ये घर स्थिर राहते. नागपूर-अमरावतीकडे काम मिळाले, तर आयएस २९११ चा तिसरा भाग आवर्जून वाचावा.

कोकण आणि गोव्यातील जांभ्याविषयी मात्र सावध राहावे. वरचा जांभा टणक लागतो म्हणून पाया तिथेच थांबवण्याचा मोह होतो, पण त्याच्या खाली पुष्कळदा मऊ चिकणमातीसारखा थर असतो. तिथे घाईने केलेली काटकसर पुढे दुरुस्तीच्या काँक्रीटमधून व्याजासह वसूल होते.

पाइल लागणारच असतील, तर संख्या आणि व्यास यांचे एकापेक्षा अधिक पर्याय मांडून घ्यावेत. मुंबई किनारी रस्त्याच्या पुलांच्या भागात एका खांबाखाली अनेक पाइल आणि त्यांवर जाड कॅप (पाइलना जोडणारा काँक्रीटचा ठोकळा) या रूढ रचनेऐवजी एकच मोठ्या व्यासाचा मोनोपाइल घेण्यात आला. त्यामुळे समुद्रतळाचा कमी भाग व्यापला गेला. प्रत्येक ठिकाणी मोनोपाइलच उत्तम ठरेल असे नाही. पण कॅपचे काँक्रीट हिशेबात धरल्याशिवाय दोन पर्यायांची तुलना पूर्ण होत नाही, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

तिसरी पायरी: बोअरहोलवर खर्च करण्याचा आग्रह धरावा

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

मुंबईची जमीन वीस-पंचवीस मीटरच्या अंतरात बदलते. मूळ बेटांमधील खाड्या भरून काढून शहर वाढले, त्यामुळे भरावाखाली खाडीचा मऊ चिखल, त्याखाली मुरूम, मग झिजलेला खडक आणि शेवटी ताजा खडक असा क्रम अनेक जागी सापडतो; परंतु प्रत्येक थराची जाडी कुठे किती, हे बोअरहोल (जमीन तपासण्यासाठी पाडलेले भोक) घेतल्याशिवाय सांगता येत नाही. खडकही सर्वत्र काळा बेसॉल्ट नसतो. पश्चिम उपनगरांत आणि शहराच्या इतर भागांतही ज्वालामुखीय ब्रेशिया (खडकाचे तुकडे जमून झालेला खडक) आणि टफ (राखेपासून झालेला खडक) लागतात. यांतील काही प्रकार कोरडे असताना बऱ्यापैकी कठीण वाटतात आणि पाण्यात उघडे राहिले की नरम पडू लागतात. बेसॉल्टच्या दोन प्रवाहांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. वर दोन-तीन मीटर चांगला खडक लागला म्हणून बोअरहोल थांबवले आणि त्याखाली हा तांबडा पट्टा निघाला, तर पाइलचे टोक चुकीच्या भरवशावर टेकते.

म्हणून बोअरहोल घेतले जात असताना तिथे स्वतः उभे राहावे. कोअर बॉक्समध्ये ठेवलेल्या खडकाच्या नळकांड्यासारख्या तुकड्यांची, म्हणजे कोअरची, लांबी टेपने मोजावी आणि अहवालातील कोअर रिकव्हरी (ड्रिल केलेल्या लांबीपैकी हाती आलेल्या कोअरचे प्रमाण) व आरक्यूडी (त्यातील लांब, सलग तुकड्यांचे प्रमाण) यांच्याशी ताडून पाहावी. दीड मीटरच्या ड्रिलिंगमधून जेमतेम अर्धा मीटर कोअर निघाला असेल, तर खडक खरोखरच खराब आहे की बिट झिजले आहे, की दुहेरी नळीऐवजी एकेरी नळीचा कोअर बॅरल लावला आहे, हे विचारावे. ब्रेशियासारख्या खडकात एकेरी नळीने ड्रिलिंग केले की फिरत्या नळीच्या घर्षणाने कोअरचा भुगा होतो आणि पाण्याबरोबर तो वाहून जातो. अहवालात त्या खोलीवर "अतिशय झिजलेला खडक" अशी नोंद होते. संकल्पनकार ती वाचून पाइल आणखी दोन मीटर खाली नेतो. आपल्या उदाहरणातील पाइलचा दर मीटरचा भार सुमारे साडेचारशे किलो कार्बन आहे. दोनशे पाइलच्या इमारतीत प्रत्येकी दोन मीटर वाढले, तर जवळपास १८० टनांचा बोजा एका झिजलेल्या बिटमुळे किंवा चुकीच्या बॅरलमुळे जमिनीत गाडला जातो.

कोअर बॉक्सचे फोटो त्याच दिवशी, खडक ओला करून आणि कोरडा असतानाही, अशा दोन्ही अवस्थांत काढावेत. खोलीचे खुणेचे ठोकळे जागेवर आहेत ना, हे पाहावे. काही तुकडे प्रयोगशाळेत दाबशक्तीच्या चाचणीला पाठवताना निवडक कणखर तुकडेच पाठवले जात नाहीत ना, याकडेही लक्ष असावे. कारण चुकीच्या दिशेने मिळालेला आत्मविश्वास अनावश्यक भीतीइतकाच महाग पडतो.

चौथी पायरी: सॉकेटची लांबी आणि लोड टेस्ट

खडकात पाइल किती शिरावा, याला सॉकेट म्हणतात. अनेक कंत्राटांत "व्यासाच्या तीन पट सॉकेट" यासारखी सरसकट अट असते. मुंबईतील संकल्पनकार कोअरची दाबशक्ती किंवा एसपीटीचे आकडे (नमुना-नळी जमिनीत ठोकताना लागलेल्या घावांची संख्या) यांवरून सॉकेटची क्षमता काढतात. कोल आणि स्ट्राउड यांची पद्धत इथे चांगलीच रुळलेली आहे. नवोदिताने यात एक साधी तपासणी करावी. आयएस २९११ नुसार पाइलच्या काँक्रीटवरील सरासरी दाब घनशक्तीच्या (काँक्रीटच्या घनाकृती नमुन्याच्या दाबशक्तीच्या) २५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. एम ३५ (घनशक्ती दर चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन) काँक्रीटच्या एक मीटर व्यासाच्या पाइलला त्यामुळे साधारण ७०० टनांची मर्यादा येते. एका व्यासाइतक्या सॉकेटमध्येच खडक तेवढा भार घेत असेल, तर पुढचे दोन मीटर खडक फोडून सुरक्षिततेत काहीच भर पडत नाही. मर्यादा काँक्रीटची आहे, खडकाची नाही. भूकंपाचे आडवे बल किंवा उचल यांसाठी जास्त खोली लागत असेल, तर ते कारण संकल्पनकाराने गणितात दाखवावे.

सूत्रांवरून काढलेल्या क्षमतेला २.५ चा सुरक्षा गुणांक लावला जातो, कारण जमिनीविषयीची अनिश्चितता मोठी असते. ही अनिश्चितता कमी करण्याचे साधन म्हणजे प्रारंभिक लोड टेस्ट. मुख्य काम सुरू होण्यापूर्वी एक चाचणी पाइल करून त्यावर अपेक्षित सुरक्षित भाराच्या अडीच पट भार दिला जातो आणि तो किती खचतो हे मोजले जाते. चाचणीत पाइल अपेक्षेपेक्षा कणखर ठरला, तर उरलेल्या सर्व पाइलची लांबी किंवा व्यास घटवण्याला आधार मिळतो. व्यास एक मीटरऐवजी ९०० मिलिमीटर केला, तरी घनफळ १९ टक्क्यांनी उतरते. दुर्दैवाने पुष्कळ प्रकल्पांत ही चाचणी काम निम्मे झाल्यावर, केवळ कागद पूर्ण करण्यासाठी होते. तिचा निकाल मग कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. वेळापत्रक आखले जात असतानाच चाचणीसाठी महिना-दीड महिना मोकळा ठेवून घेणे, हे पर्यावरणासाठी तुम्ही करू शकाल अशा सर्वांत मोठ्या कामांपैकी एक आहे.

चाचणीची पद्धतही पाहावी. पाचशे टनांच्या पाइलला साडेबाराशे टन भार द्यायचा, तर केंटलेजसाठी (पाइलवर रचायच्या वजनासाठी) त्याहून २५ टक्के अधिक वजन, म्हणजे दीड हजार टनांहून जास्त काँक्रीटचे ठोकळे किंवा वाळूची पोती आणावी लागतात. २५ टनांच्या खेपा धरल्या, तर येताना साठाहून अधिक आणि जाताना तितक्याच. खडकात अँकर रोवून प्रतिक्रिया घेणे, किंवा पाइलच्या आतच जॅक बसवून वरच्या आणि खालच्या भागाला एकमेकांविरुद्ध दाबणारी द्विदिश चाचणी करणे, हे पर्याय शहरातील अरुंद रस्त्यांवरची ही वाहतूक टाळतात.

पाचवी पायरी: मिक्समधील क्लिंकर कमी करावा

आयएस २९११ मधील ४०० किलोचा आकडा सर्वांना पाठ असतो, पण त्याच कलमातील पुढचे वाक्य क्वचितच कोणी वाचते: योग्य मिक्स डिझाइन आणि ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचे रसायन) असेल तर सिमेंट कमी करता येते, मात्र ते ३५० किलोच्या खाली जाऊ नये. ट्रायल मिक्स घेऊन हा मार्ग वापरता येतो.

याहून मोठी बचत सिमेंटचा प्रकार बदलल्याने होते. पोलाद कारखान्यातील झोतभट्टीची मळी दळून केलेले जीजीबीएस आणि औष्णिक वीज केंद्रातील फ्लाय ॲश या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात मिळतात. रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलादाचा कारखाना आहे आणि नाशिकजवळ एकलहऱ्याला, तसेच विदर्भात चंद्रपूर-कोराडीला वीज केंद्रे आहेत. आपल्या पाइलमध्ये निम्मे सिमेंट काढून जीजीबीएस घातले, तर सिमेंटचा भार साडेपाच टनांवरून जवळपास तीन टनांवर येतो. शिवाय मुंबईच्या खाऱ्या भूजलात आणि खाडीच्या चिखलात क्लोराइड व सल्फेट असतात, आणि त्यांच्यापासून सळ्या व काँक्रीट वाचवण्यात स्लॅगचे काँक्रीट निव्वळ ओपीसीपेक्षा सरस ठरते. पाया शंभर वर्षे टिकवायचा असेल, तर हा फायदा कार्बनच्या बचतीइतकाच मोलाचा आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे स्लॅगच्या काँक्रीटला ताकद उशिरा येते. आक्षेप खरा आहे, पण पाइलच्या बाबतीत तो फारसा लागू पडत नाही. इमारतीचा पूर्ण भार पाइलवर यायला अनेक महिने जातात. त्यामुळे २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांच्या ताकदीवर स्वीकृती ठरवण्याचा प्रस्ताव सल्लागारापुढे ठेवावा. त्यासोबत चिपिंग (पाइलचा माथा फोडणे), इंटेग्रिटी टेस्ट (पाइल सलग आहे का याची तपासणी) आणि लोड टेस्ट यांच्या तारखा मात्र पुढे सरकवाव्या लागतात. हे आधी सांगितले नाही, तर साइटवर घाई होते आणि मग सगळा दोष स्लॅगवर येतो.

ट्रेमीने (बोअरच्या तळापर्यंत सोडलेल्या नळीने) ओतायच्या काँक्रीटचा स्लम्प (प्रवाहीपणाचे माप) १५० ते १८० मिलिमीटर असावा लागतो आणि तो वाहतुकीच्या कोंडीतही टिकला पाहिजे. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी दीड-दोन तास अडकली आणि काँक्रीट घट्ट झाले म्हणून परत पाठवले, की सहा घनमीटर माल कुठेतरी फेकला जातो. रिटार्डरची (काँक्रीट घट्ट होणे लांबवणाऱ्या रसायनाची) मात्रा त्या रस्त्याच्या प्रत्यक्ष वेळेवरून ठरवावी.

सहावी पायरी: लायनर आणि बेंटोनाइट

बोअरच्या वरच्या भागात माती ढासळू नये म्हणून पोलादी लायनर (नळी) टाकला जातो. सहा मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर व्यासाच्या लायनरचे वजन दर मीटरला सुमारे १४८ किलो भरते. आठ मीटर कायमचा लायनर जमिनीत सोडला, तर जवळपास १.२ टन पोलाद जाते. वर काढलेले केजचे संपूर्ण पोलाद १.१ टन होते, हे आठवावे! बिलात लायनर वेगळ्या रकान्यात येतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते, परंतु अनेक पाइलमध्ये केजपेक्षा लायनरच जड असतो.

यावरचा उपाय म्हणजे काढून घेता येणारी तात्पुरती केसिंग. ती एका पाइलवरून दुसऱ्यावर फिरवता येते. मात्र हा निर्णय सरसकट घेऊ नये. अतिशय मऊ चिखलात केसिंग वर खेचताना ताज्या काँक्रीटचा घेर आवळला जाऊ शकतो, आणि असा कंबर गेलेला पाइल रद्द झाला की त्याच्या बदल्यात दोन पाइल आणि मोठी कॅप करावी लागते. भरतीचे पाणी येते अशा जागी आणि समुद्रातील पुलांना कायमचा लायनर लागतोच. त्यामुळे बोअरहोलनिहाय चिखलाची जाडी आणि ताकद पाहून, कोणत्या पाइलना कायमचा लायनर व कोणत्यांना केसिंग, अशी यादी करून घ्यावी.

बोअर स्थिर ठेवणारे बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) कच्छमधून येते. ते गोड्या पाण्यातच भिजवावे, कारण खाऱ्या पाण्यात ते फुगत नाही आणि गुठळ्या होऊन बसते. द्रावाची घनता, मार्श कोनची वेळ (ठरावीक द्राव नरसाळ्यातून वाहून जायला लागणारा वेळ) आणि पीएच रोज मोजावे. मार्श कोनची वेळ ३० ते ६० सेकंदांत असावी. परत आलेल्या द्रावातील वाळू डीसँडरने काढली, तर तेच द्राव अनेक बोअरना पुरते. निकामी झालेले द्राव नाल्यात, गटारात किंवा तिवरांत सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला कोणतीही सबब नाही. चिकणमातीचा तो बारीक गाळ तिवरांच्या मुळांवर बसतो आणि पावसाळ्यात गटारे तुंबवतो. टाकीत निवळू देऊन पाणी पुन्हा वापरावे आणि उरलेला गाळ अधिकृत ठिकाणीच पाठवावा. पॉलिमरचे द्राव कमी लागते व त्याची विल्हेवाटही सोपी असते, पण त्यालाही गोडे पाणी आणि जाणकार माणूस हवा.

सातवी पायरी: रिग चालू असताना

बोअरचा व्यास कागदावर एक मीटर असतो. प्रत्यक्षात तो सरासरी सात सेंटीमीटरने वाढला, तरी काँक्रीट साडेचौदा टक्के जास्त लागते. प्रत्येक पाइलचे सैद्धांतिक घनफळ आणि प्रत्यक्ष ओतलेले घनफळ यांचा आलेख रोज भरावा. ठरावीक खोलीवर वारंवार जास्त माल जात असेल, तर तिथे बोअर ढासळतो आहे: केसिंग आखूड आहे, द्रावाची पातळी उतरते आहे, किंवा बोअर करून रात्रभर तसाच सोडला जातो आहे. शेवटचे कारण सर्वांत जास्त आढळते. टफ आणि ब्रेशियाच्या सॉकेटमध्ये तर ते दुहेरी नुकसान करते, कारण उघडा खडक नरमही पडतो. सॉकेट पूर्ण झाल्यापासून काँक्रीट सुरू होईपर्यंतचा वेळ शक्य तितका कमी ठेवावा, आणि केज तयार नसेल तर सॉकेट सुरूच करू नये.

टर्मिनेशनचा निर्णय, म्हणजे बोअर कुठे थांबवायचा, हा पुराव्यावर घ्यावा. बकेटमधून आलेले खडकाचे तुकडे खोलीच्या चिठ्ठीसह पिशवीत ठेवावेत, रिगचा वेग आणि दाब टिपावा आणि जवळच्या बोअरहोलशी ते ताडावे. शंका आली की "एक मीटर अजून जाऊ द्या" असे म्हणणे सोपे असते. पण शंकेचे उत्तर नमुन्यात असते, जास्तीच्या मीटरमध्ये नाही. त्याचप्रमाणे तळाची सफाई. साउंडिंग चेनने खोली बोअर संपल्यावर एकदा आणि काँक्रीटच्या अगदी आधी पुन्हा मोजावी. दोन्हींत फरक निघाला तर तळाशी गाळ बसला आहे; तो काढल्याशिवाय ट्रेमी भरू नये. ट्रेमीचे टोक काँक्रीटमध्ये किमान दोन मीटर बुडालेले राहील याची नोंद प्रत्येक गाडीनंतर करावी. सदोष पाइलइतके प्रदूषणकारी साइटवर दुसरे काही नाही, कारण त्याचे सारे साहित्य निरुपयोगी ठरून पुन्हा तेवढेच लागते.

आवाज हाही पर्यावरणाचाच भाग आहे. ऑगरला (माती खोदणाऱ्या स्क्रूला) चिकटलेली माती झटकताना केलीचा (ऑगर फिरवणाऱ्या दांड्याचा) जो खणखणाट होतो, तो शेजारच्या घरांना सर्वाधिक छळतो. चालकाला ऑगर हळू फिरवून माती काढायला शिकवता येते. शिवडीच्या चिखलपट्ट्यांवर रोहित पक्षी उतरतात, आणि त्याच किनाऱ्यावरून सुरू होणाऱ्या अटल सेतूच्या कामात आवाज व कंपने कमी ठेवण्यासाठी रिव्हर्स सर्क्युलेशन पद्धतीची ड्रिलिंग यंत्रे वापरण्यात आली.

आठवी पायरी: कट-ऑफच्या वरचे काँक्रीट आणि राडारोडा

ट्रेमीने ओतताना सर्वांत वर येणारे काँक्रीट गाळमिश्रित असते, म्हणून ते कट-ऑफ लेव्हलच्या (पाइलचा माथा जिथे ठेवायचा त्या पातळीच्या) वर नेऊन नंतर फोडले जाते. दोनशे पाइलवर प्रत्येकी एक मीटर जादा, म्हणजे १५७ घनमीटर काँक्रीट ओतून ब्रेकरने फोडायचे. मानकाला लागते तेवढे ठेवावेच. पण साइटवर सवयीने दीड-दोन मीटर सोडले जातात, ते थांबवावे. ओतताना काँक्रीटची पातळी वजन बांधलेल्या दोरीने वारंवार मोजली, की हे साधते. ताजे असतानाच वरचा भाग काढून टाकण्याचीही पद्धत आहे, तिला अनुभवी फोरमन लागतो.

फोडलेले तुकडे सळ्यांपासून वेगळे करून साइटवरील रस्त्याच्या किंवा प्लॅटफॉर्मच्या भरावाला वापरावेत. आयएस ३८३ च्या २०१६ सालच्या आवृत्तीने पुनर्वापरातील खडीलाही मर्यादित स्वरूपात मान्यता दिली आहे. उरलेला माल मुंबईत दहिसर आणि शीळफाटा येथील राडारोडा प्रक्रिया केंद्रांकडे जाऊ शकतो. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निर्माण करणाऱ्यांवर २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणाची आणि व्यवस्थापन आराखड्याची जबाबदारी टाकली होती. २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे असून त्यांत मोठ्या प्रकल्पांवर उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आहे. बोअरमधून निघालेला चांगला मुरूम राडारोड्यात मिसळू देऊ नये. तो भरावाला हवाच असतो, आणि वेगळा ठेवला तर त्याला गिऱ्हाईकही असते.

नववी पायरी: नोंदी अशा ठेवाव्यात की पुढच्या पिढीला पाइल पुन्हा वापरता येतील

मुंबईत पुनर्विकासाची कामे मोठ्या संख्येने होत आहेत. जुनी इमारत पाडल्यावर तिचे पाइल जमिनीतच राहतात आणि बहुतेक वेळा नव्या पाइलच्या वाटेत अडथळा म्हणून फोडले जातात. ते पुन्हा वापरता येतील का, हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण त्यांची लांबी, सळ्या, काँक्रीटची प्रत आणि तळाचा खडक यांविषयी एकही विश्वासार्ह कागद सापडत नाही. लंडनमध्ये जुन्या पायांचा असा पुनर्वापर झालेला आहे.

आज आपण करत असलेल्या पाइलबाबत ती वेळ येऊ नये, यासाठी काम संपताना प्रत्येक पाइलची एक पत्रिका तयार करावी. तिच्यात पाइलचे प्रत्यक्ष स्थान सर्वेक्षणातील अक्षांसह, कट-ऑफ आणि तळाची पातळी, सॉकेटची लांबी, टर्मिनेशनच्या नमुन्याचा फोटो, लायनरची लांबी, केजचा तपशील, काँक्रीटचे मिक्स आणि घनाच्या चाचण्यांचे निकाल, ओतलेले घनफळ, इंटेग्रिटी टेस्टचा आलेख, आणि खर्च झालेले डिझेल एवढे असावे. पहिल्या पायरीत काढलेला अंदाज आणि आता प्रत्यक्ष आलेला आकडा शेजारी लिहावा. पत्रिकांचा एक संच सल्लागाराकडे, एक मालकाकडे, आणि इमारत सोसायटीच्या ताब्यात जाईल तेव्हा मंजूर नकाशांबरोबर एक संच सोसायटीच्या दप्तरी द्यावा. संगणकीय प्रतीसोबत छापील प्रतही द्यावी आणि ती मिळाल्याची सही-तारखेसह पोच घ्यावी.